कीबोर्डला इंटरनेट कशाला हवं? मराठी-उर्दू लिहिणाऱ्या घरांसाठी मोबाइल टायपिंगची माहिती

हिंगणघाटच्या आमच्या खाला एकदा घरी आल्या आणि फोन हातात देत म्हणाल्या, "बघ रे बेटा, काही लिहायला गेलं की आधी जाहिरातच येते." पाहिलं तर कीबोर्डच्या वरच्या पट्टीत, जिथं शब्दांच्या सूचना यायला हव्यात तिथं, झटपट कर्जाची जाहिरात फिरत होती. नातवानं हौसेनं फुलाफुलांची थीम असलेलं कुठलंसं कीबोर्ड ॲप टाकून दिलं होतं. खालांना फुलं आवडली होती, जाहिरात नको होती.

जाहिरात हा त्यातला किरकोळ भाग. ती दिसत होती म्हणून निदान तक्रार तरी झाली. खाला त्याच कीबोर्डवरून डॉक्टरांना साखरेचे आकडे पाठवत होत्या, धाकटीच्या रिश्त्याबद्दल वर्ध्याच्या बहिणीशी बोलत होत्या, नेटबँकिंगचा पासवर्ड टाकत होत्या. त्याबद्दल विचारलं तर म्हणाल्या, "व्हॉट्सॲपवर तर कुलूप असतं ना?"

कुलूप असतं, हे खरं आहे. एप्रिल 2016 पासून व्हॉट्सॲपचे संदेश पाठवणाऱ्याच्या फोनपासून घेणाऱ्याच्या फोनपर्यंत बंद पाकिटात जातात, वाटेत कुणाला वाचता येत नाहीत. पण पाकीट बंद होण्याच्या आधी चिठ्ठी लिहिली जाते, आणि ती लिहिणारा असतो कीबोर्ड. पूर्वी लिहिता-वाचता न येणारी माणसं पोस्टाबाहेर बसलेल्या मुन्शीकडून खत लिहून घ्यायची. पाकिटाला कितीही डिंक लावला तरी आत काय आहे ते मुन्शीला ठाऊकच असायचं. तो भला माणूस असेल तर विसरून जायचा, तोंडाचा सैल असेल तर गावभर व्हायचं. आपल्या फोनमधला कीबोर्ड म्हणजे तो मुन्शी. व्हॉट्सॲप असो, जीमेल असो, बँकेचं ॲप असो, सगळीकडे तोच लिहितो.

म्हणून तर अँड्रॉइड फोनमध्ये नवा कीबोर्ड चालू करताना एक इशारा येतो : हा कीबोर्ड तुम्ही टाइप केलेला सगळा मजकूर, पासवर्ड आणि कार्डाच्या नंबरसकट, गोळा करू शकतो. आपण सगळे तो न वाचता 'ओके' दाबतो. एक दिलासा असा की यूपीआयचा पिन या वाटेनं जात नाही. तो आकडा टाकायला एनपीसीआयचं स्वतःचं वेगळं पान उघडतं, त्यावरची बटणं त्यांचीच असतात. बाकी बहुतेक सगळं मात्र कीबोर्डच्या हातून जातं.

असं खरंच घडलं आहे का?

घडलं आहे. डिसेंबर 2017 मध्ये 'एआय टाइप' नावाच्या एका लोकप्रिय कीबोर्डच्या 3 कोटी 10 लाखांहून जास्त वापरकर्त्यांची माहिती इंटरनेटवर उघडी पडलेली सापडली. 577 जीबीचा साठा, आणि त्याला पासवर्डच नव्हता! त्यात नावं, ईमेल, फोनचे तपशील तर होतेच, शिवाय लोकांच्या फोनबुकमधून उचललेले दुसऱ्यांचे नंबरही होते. म्हणजे ज्यानं ते ॲप कधी पाहिलंही नाही, त्याचा नंबर केवळ त्याच्या मामेभावानं ते ॲप टाकलं म्हणून तिथं पोचला होता. टाइप केलेल्या मजकुराच्या नोंदीही सापडल्याचं तेव्हा प्रसिद्ध झालं. कंपनीच्या संस्थापकाचं म्हणणं होतं की माहिती फार नाजूक नव्हती. ते खरं मानलं तरी लोकांचं फोनबुक कीबोर्डला का लागावं, हा प्रश्न राहतोच.

त्याच्या आदल्या वर्षी, जुलै 2016 मध्ये, स्विफ्टकी या नावाजलेल्या कीबोर्डमध्ये वेगळाच घोटाळा झाला. काही लोकांना शब्दसूचनांमध्ये अनोळखी माणसांचे ईमेल पत्ते दिसू लागले. शिकलेले शब्द कंपनीच्या सर्व्हरवर जमा करून दुसऱ्या फोनवर उतरवण्याची जी सोय होती, तिथं गफलत झाली होती. कंपनीला ती सोय तात्पुरती बंद करावी लागली. इथं कुणाची नियत वाईट नव्हती. फक्त एका घरातलं सामान चुकून दुसऱ्या घरात उतरलं.

तिसरं उदाहरण सर्वांत मोठं. कॅनडातल्या टोरांटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबनं एप्रिल 2024 मध्ये चिनी भाषा लिहिण्याच्या कीबोर्डांची तपासणी प्रसिद्ध केली. नऊ कंपन्यांपैकी आठ कंपन्यांच्या कीबोर्डात अशी भोकं होती की वाटेत बसलेला माणूस टाइप केलेली अक्षरं वाचू शकेल. त्या यादीत आपल्याकडे घरोघरी असलेल्या फोन कंपन्यांचीही नावं होती. पण घाबरून जाऊ नका. ती तपासणी चिनी लिपीच्या टायपिंगपुरती होती, मराठी किंवा उर्दूच्या कीबोर्डाची नव्हती. चिनी लिहिताना रोमन अक्षरं टाकून चिन्ह निवडावं लागतं, आणि योग्य चिन्ह सुचवण्यासाठी ते कीबोर्ड प्रत्येक शब्द सर्व्हरला पाठवत होते. अक्षरं फोनबाहेर गेली म्हणूनच ती वाटेत पकडता येत होती.

मग इंटरनेट लागतं कशाला?

दुकानदार सांगतो, "चांगलं टायपिंग हवं तर नेट लागणारच." हे अर्धं खरं आहे. पुढचा शब्द सुचवणं, चुकलेलं स्पेलिंग दुरुस्त करणं, बोट न उचलता घासत लिहिणं, 'kay' लिहिल्यावर 'काय' करणं, यांतलं एकही काम तत्त्वतः नेटवर अडत नाही. शब्दांची एक मोठी यादी, त्यांतला कोणता शब्द किती वेळा येतो याचा अंदाज, आणि थोडं गणित एवढं असलं की झालं. ते सगळं फोनमध्ये मावतं. नेट लागतं ते जीआयएफ आणि स्टिकर शोधायला, नव्या थीम उतरवायला, भाषांतराला, आणि बहुतेक फोनमध्ये बोलून टाइप करायला. आणि जाहिराती दाखवायला, अर्थात.

म्हणून माझी कसोटी सोपी आहे. कीबोर्डला नेटची परवानगीच नसेल, तर त्याची नियत कशीही असो, तो काही बाहेर पाठवू शकत नाही. मुन्शी खोलीच्या बाहेरच जाणार नसेल तर तो तोंडाचा सैल आहे की नाही याची चिंता उरत नाही.

ही परवानगी घरबसल्या तपासता येते. प्ले स्टोअरवर त्या कीबोर्डच्या पानावर जा, 'अबाउट धिस ॲप' उघडा, खाली 'ॲप परमिशन्स' दिसेल. त्यात 'फुल नेटवर्क ॲक्सेस' असं लिहिलेलं असेल तर कीबोर्ड नेटवर जाऊ शकतो. कॉन्टॅक्ट, लोकेशन, मायक्रोफोन मागितलं आहे का, तेही तिथंच दिसतं. त्याच पानावर 'डेटा सेफ्टी' नावाचा भाग असतो, तो वाचावा, पण एक लक्षात ठेवून : ते कंपनीनं स्वतःबद्दल स्वतः दिलेलं निवेदन आहे. परवानग्यांची यादी ॲपच्या आतूनच येते, म्हणून तिच्यावर जास्त भरवसा.

आपली अडचण थोडी वेगळी

फक्त इंग्रजी लिहिणाऱ्याचं काम इथं संपलं. आपलं नाही. आपल्या घरांत अब्बू मराठीत अर्ज लिहितात, दादीला उर्दूत दुआ पाठवायची असते, मुलं रोमन अक्षरांत मराठी-हिंदी मिसळून लिहितात, आणि मदरशात जाणाऱ्या लेकीला अरबी हवी असते. वर्ध्याला हे नवं नाही. 1942 मध्ये गांधीजींच्या पुढाकारानं इथं हिंदुस्तानी प्रचार सभा सुरू झाली ती नागरी आणि उर्दू या दोन्ही लिप्या प्रत्येकानं शिकाव्यात या आग्रहानं. राष्ट्रभाषा प्रचार समितीच्या जुन्या पुस्तकांत 'इ, ई, उ' ऐवजी 'अि, अी, अु' छापलेलं दिसतं, तेही काही अंशी खिळे आणि टाइपरायटरच्या कळा कमी व्हाव्यात म्हणून. देवनागरी थोड्या कळांवर कशी बसवायची याची डोकेफोड या गावानं मोबाइल येण्याच्या कितीतरी आधी केलेली आहे.

आता अडचण अशी की मराठी-उर्दूच्या सोयी सर्वांत चांगल्या मिळतात त्या मोठ्या कंपन्यांच्या कीबोर्डात, आणि त्यांना नेटची परवानगी असते. गूगलच्या जीबोर्डमध्ये रोमनमधून मराठी, बोटानं पाटीवर काढल्यासारखं हस्तलेखन, मराठीत बोलून लिहिणं, उर्दू, अरबी, सगळं आहे. गूगलचं म्हणणं असं की टाइप केलेला मजकूर सर्व्हरवर गोळा केला जात नाही. कीबोर्ड फोनमध्येच शिकतो आणि त्या शिकण्याचा फक्त गोळाबेरीज सारांश वर जातो. 2017 पासून ते ही पद्धत जाहीरपणे सांगत आले आहेत. मी ते खोटं मानत नाही. पण ते तपासणं माझ्या-तुमच्या हातात नाही, आणि सेटिंग्जमध्ये काही बटणं चालू असतील तर आवाजाचे तुकडे आणि वापराचे आकडेही जातात.

दुसऱ्या बाजूला नेट न मागणारे कीबोर्ड. हेलीबोर्ड हा त्यातला मला आवडलेला. फुकट, जाहिरात नाही, नेटची परवानगीच नाही, आणि त्याचा कोड कुणालाही वाचता येतो. अँड्रॉइडच्या मूळ कीबोर्डवरून ओपनबोर्ड निघाला, ओपनबोर्डवरून हा. मराठी आणि अरबीचे लेआउट आहेत, क्लिपबोर्ड आहे, आकड्यांची ओळ ठेवता येते, एक हाताची मांडणी करता येते. उणिवा दोन. बोट घासत लिहिण्याची सोय सोबत येत नाही. ती वेगळी फाइल आणून जोडावी लागते, आणि ते नवख्यानं करू नये. दुसरं, मराठी थेट देवनागरी कळांनी लिहावी लागते, रोमनमधून नाही.

रोमनमधूनच लिहायचं असेल तर इंडिक कीबोर्ड पाहावा. केरळच्या 'स्वतंत्र मल्याळम कम्प्युटिंग' या स्वयंसेवी गटातून तो निघाला. भारतातल्या वीसहून अधिक भाषा त्यात आहेत, मराठीसाठी रोमन आणि देवनागरी दोन्ही पद्धती आहेत, आणि उर्दूही आहे. शब्दसूचना मोठ्या कंपन्यांइतक्या हुशार नाहीत. तुमच्या फोनची अँड्रॉइड आवृत्ती अगदी नवी असेल तर आधी तो नीट चालतो का ते पाहा, आणि परवानग्यांची यादी वर सांगितल्याप्रमाणे स्वतः वाचा. माझ्या शब्दावर जाऊ नका.

घरात कुणी मुख्यतः इंग्रजीत लिहीत असेल, कॉलेजची मुलं वगैरे, तर फ्यूटो कीबोर्ड त्यांना आवडेल. बोट घासत लिहिणं आणि बोलून लिहिणं, दोन्ही कामं तो फोनमध्येच करतो, नेटची परवानगी न घेता. बोलून लिहिताना आवाज फोनबाहेर जात नाही ही मोठी गोष्ट आहे. मराठीच्या बाबतीत मात्र त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका.

देवनागरी कळांची भीती

'थेट देवनागरी' म्हटलं की लोक मागे सरकतात. पण ती मांडणी, इनस्क्रिप्ट, कुणा एका कंपनीची नाही. 1986 मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं ती ठरवली आणि 1991 मध्ये ती राष्ट्रीय मानक झाली. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं. एकदा बोटांत बसली की कॉम्प्युटरवर, मोबाइलवर, तहसीलच्या सेतू केंद्रात सगळीकडे तीच. मला साधारण पंधरा दिवस लागले. पहिले चार दिवस चिडचिड झाली, हे कबूल.

फायदा अचूकतेचा आहे. रोमनमधून लिहिताना 'दुसऱ्या' चं हमखास 'दुसर्‍या'सारखं नाही तर 'दुसर्या' होतं, कारण मराठीचा 'ऱ' हिंदीसाठी बनवलेल्या यादीत नसतो. 'ॲप' मधला 'ॲ' तर युनिकोडमध्ये आलाच 2008 मध्ये, त्यामुळे जुन्या कीबोर्डांवर तो जोडतोड करून लिहिला जातो आणि शोधायला गेलं की सापडत नाही. उर्दूतही असाच फसवा प्रकार आहे. अरबी कीबोर्डवरून उर्दू लिहिणारे बरेच जण आहेत. दोन्हीकडचे 'काफ', 'ये' आणि 'हे' डोळ्याला जवळपास सारखे दिसतात, पण फोनसाठी ती वेगळी अक्षरं आहेत. अरबी 'काफ' नं साठवलेलं नाव उर्दू 'काफ' नं शोधलं तर फोन म्हणतो, असा कुणी नाही. 'टे', 'डाल', 'ड़े' ही अक्षरं तर अरबी मांडणीत नसतातच. तेव्हा उर्दूसाठी उर्दूचाच लेआउट लावा.

नावाचं स्पेलिंग, ज्यावर पैसे अडतात

इथं जरा थांबायला हवं, कारण गुप्ततेइतकाच हा प्रश्न घरात बोचतो. माझ्या भाच्यानं शिष्यवृत्तीचा अर्ज मोबाइलवर भरला. आधारवर आडनाव इंग्रजीत 'एआय' घालून लिहिलेलं, कीबोर्डनं आपणहून ते 'ईआय' करून टाकलं. शेखचा शेखच राहिला, पण अर्ज परत आला. मोहम्मद, मोहंमद, महंमद, मोहम्मेद, आपल्या घरांत एकाच नावाचे चार अवतार चार कागदांवर असतात. त्यात कीबोर्डनं पाचवा घातला की शाळा, बँक, रेशन, सगळीकडे फेऱ्या. हजच्या अर्जात पासपोर्टवरचं नाव अक्षरशः जसंच्या तसं लागतं. जून 2025 मध्ये सुरू झालेल्या उम्मीद पोर्टलवर मशीद-कब्रस्तानांची नोंद करताना सर्व्हे नंबर आणि मुतवल्लींची नावं भरावी लागतात. असे अर्ज भरताना स्पेलिंग आपोआप बदलणारं 'ऑटो-करेक्शन' बंद करून ठेवा. सूचना दिसू द्या, बदल तुम्ही करा.

याच कामासाठी 'पर्सनल डिक्शनरी' वापरा. फोनच्या भाषा आणि कीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये ती असते. घरातल्या प्रत्येकाचं नाव आधारवर आहे तसं त्यात टाकून ठेवा. त्यात शॉर्टकटही देता येतो. मी 'असअ' लिहिलं की पूर्ण 'अस्सलामु अलैकुम व रहमतुल्लाहि व बरकातुहु' समोर येतं. पत्त्यासाठी, पिनकोडसाठीही चालतं. आधार नंबर आणि पासवर्ड मात्र त्यात कधीच ठेवू नका, फोन ज्याच्या हातात त्याला ते दिसतात.

मी काय करतो

माझ्या फोनमध्ये दोन कीबोर्ड आहेत. रोजचा हेलीबोर्ड. लांबलचक मराठी बोलून लिहायचं असेल, एखादी बातमी वगैरे, तेवढ्यापुरता जीबोर्ड. कीबोर्डच्या खालच्या कोपऱ्यातलं चिन्ह दाबलं की बदलता येतो. दादी, खाला यांना ही कसरत सांगू नये. त्यांच्या फोनमध्ये जीबोर्ड किंवा फोन कंपनीचा कीबोर्ड राहू द्या, फक्त त्याच्या सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी' उघडून वापराची आकडेवारी पाठवणं आणि 'इम्प्रूव्ह' या नावाखाली आवाज-मजकूर देणं बंद करा. बाजारातल्या थीमवाल्या, फोटोवाल्या, कमाई करून देतो म्हणणाऱ्या कीबोर्डांपेक्षा हे पुष्कळ बरं. काही फोनमध्ये एखाद्या ॲपचं नेट तोडण्याचं बटण सेटिंग्जमध्येच असतं. ते असेल तर कीबोर्डसाठी वापरून पाहा, मराठी टायपिंग बहुधा तसंच चालू राहील.

आयफोनवाल्यांचं काम सोपं. बाहेरचा कीबोर्ड टाकल्यावर 'अलाउ फुल ॲक्सेस' विचारलं जातं, ते दिलं नाही तर तो नेटवर जाऊ शकत नाही. पासवर्डच्या चौकटीत तर आयफोन स्वतःचाच कीबोर्ड पुढे करतो. मराठी आणि उर्दू दोन्ही त्यात आधीपासून आहेत, तेव्हा बाहेरचा घेण्याची गरजच कमी.

हेलीबोर्डसारखी ॲप मिळतात ती एफ-ड्रॉइड नावाच्या भांडारात, जिथं फक्त खुल्या कोडची ॲप ठेवतात. ते त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच उतरवा. व्हॉट्सॲपवर कुणी 'मस्त मराठी कीबोर्ड' म्हणून एपीके फाइल पाठवली, तर पाठवणारा सख्खा भाऊ असला तरी उघडू नका. लग्नपत्रिका आणि चलनाच्या नावानं आलेल्या एपीके फाइलींनी किती जणांची खाती रिकामी केली ते आपण वाचतोच आहोत. कायदा आहे, 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, त्याचे नियमही नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि टप्प्याटप्प्यानं लागू होत आहेत. पण कायदा कामाला येतो तो माहिती गेल्यानंतर.

खालांच्या फोनमधून ते फुलांचं ॲप काढलं. काढण्याआधी त्याच्या सेटिंग्जमध्ये जाऊन शिकलेले शब्द पुसले, खात्यातून बाहेर पडलो, मगच अनइन्स्टॉल केलं. नेटबँकिंगचा पासवर्डही त्याच दिवशी बदलला. आणि एक गोष्ट त्यांच्या नातवाला सांगितली, ती इथंही सांगतो. जुना फोन धाकट्याला देताना आपण फोटो पुसतो, कीबोर्ड विसरतो. पोरगं पहिलं अक्षर दाबतं आणि पट्टीवर येतं ते बापाच्या कर्जाचं, आईच्या तपासणीचं, नाही तर मोडलेल्या रिश्त्यातल्या माणसाचं नाव. फोन हातात देण्याआधी कीबोर्डचा 'लर्न्ड वर्ड्स' किंवा 'क्लिअर डेटा' हा पर्याय शोधून एकदा दाबाच.